तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या उपग्रहात मोठ्यांचं काय काम?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. "उपग्रह कॉलेजची मुलं बनवतात ना? मग दर शनिवारी तुम्ही तिकडे जाऊन करता काय?" आणि लगेच दुसरा: "काही देतात का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नाही देत. चहा मिळतो, तोही कॅन्टीन उघडं असलं तर.

पहिल्याचं उत्तर जरा लांबतं. नोकरीत मी सर्किट बोर्ड तपासते, त्यामुळे लोकांना वाटतं मी मुलांना सोल्डरिंग शिकवत असेन. ते त्यांना माझ्यापेक्षा बरं जमतं, डोळे तरुण आहेत. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठला कनेक्टर कुणाकडे मिळेल हेही त्यांना पाठ असतं.

अडचण वेगळीच आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बस्तान बसवण्यात जातं, शेवटचं प्लेसमेंटमध्ये. मधली दोन वर्षं काय ती कामाची, आणि उपग्रह तेवढ्यात होत नाही. आयआयटी मुंबईच्या मुलांच्या 'प्रथम' या उपग्रहाचं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि तो श्रीहरिकोट्याहून सुटला 26 सप्टेंबर 2016 ला, इस्रोच्या पीएसएलव्ही-सी35 रॉकेटवरून. वजन दहा किलोच्या आसपास, काम आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब काढण्याचं. सुरुवात करणारी मुलं तोवर कधीच पदवी घेऊन पांगली होती. म्हणजे उपग्रह एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे हातोहात जातो, आणि जे हरवतं ते या देण्याघेण्यातच हरवतं.

आमचा उपग्रह दहा सेंटिमीटरचा घन. त्याच्या अँटेना चक्क मिस्त्रीच्या मेजरिंग टेपच्या. जगभरात अनेक लहान उपग्रहांवर हीच युक्ती असते: स्टीलची पट्टी दुमडून बांधता येते आणि सोडली की आपोआप ताठ होते. 145 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी जवळपास अर्धा मीटर लांबीची, 437 साठी वीतभरापेक्षा लहान. दुमडलेली पट्टी तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने, बांधायची आणि तंगूस एका रेझिस्टरला टेकवायचा. वर गेल्यावर वीज सोडली की रेझिस्टर तापतो, तंगूस वितळून तुटतो, पट्टी उघडते. (तंगूस आमच्या टीममधल्या वरळी कोळीवाड्याच्या मुलाने घरून आणला. त्याचं बिल लावायचं का, यावर अर्धा तास चर्चा झाली.)

मागच्या वर्षी सेकंड इयरची एक मुलगी या भागावर आली. जुन्या वहीत तिला एकच ओळ सापडली: "रेझिस्टर बदलला, कमी ओहमचा टाकला. आता ठीक." टेबलावर चाचणी घेतली तर जुना रेझिस्टरही तंगूस व्यवस्थित तोडत होता, आणि करंटही कमी खात होता. ती म्हणाली, "मॅडम, मूळचाच लावू या ना, बॅटरी वाचेल."

मी म्हटलं, "लाव. पण ज्याने बदलला त्याला आधी विचार, का बदलला."

तो मुलगा आता जर्मनीत एमएस करतो. व्हॉट्सॲपवर त्याचं उत्तर रात्री आलं: थंडीत बॅटरीचा व्होल्टेज पडतो. कोल्ड चेंबरमध्ये जुना रेझिस्टर पुरेसा तापलाच नव्हता, तंगूस नुसता मऊ पडला होता. मुंबईतल्या खोलीत हे दिसणार कसं? इथे थंडी म्हणजे एसीचा रिमोट. अँटेना उघडली नाही, तर उपग्रह वर दीड-दीड तासाला पृथ्वीभोवती फिरत राहणार आणि खाली कुणाला काही ऐकू येणार नाही. मुंबईच्या आकाशातून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात, तीही वाया जाणार.

हे कारण मला माहीत होतं का? होतं, चेंबरच्या चाचणीला मी हजर होते. पण मी सांगितलं असतं तर ते माझ्यापाशीच राहिलं असतं. आता त्या ओळीखाली तिच्या अक्षरात कारण लिहिलंय, तापमान आणि व्होल्टेजच्या आकड्यांसकट. तर माझं काम हे: वही वाचायची, जिथे "आता ठीक" दिसेल तिथे बोट ठेवायचं आणि स्वतःचे हात पाठीमागे ठेवायचे. शेवटचं फार जड जातं. चुकीच्या जागी लावलेला फ्लक्स समोर दिसत असताना गप्प बसून बघा एकदा. जिथे बोर्ड जळेल किंवा कुणाला इजा होईल, तिथे मात्र मी ओरडते.

काही मार्गदर्शक सगळं आयतं सांगून मोकळे होतात. काम भराभर होतं खरं, पण पुढची बॅच पुन्हा त्यांच्याच दारात उभी. मला ते पटत नाही. आणि विजेचा ताळेबंद कागदावर येण्याआधी टी-शर्टचं डिझाइन ठरवणाऱ्या टीमचं काय करावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स आलंच पाहिजे असं नाही. आम्हाला सध्या सगळ्यात जास्त गरज आहे ती खरेदीची बिलं आणि कस्टम्सचे कागद नीट लावणाऱ्या माणसाची. मात्र परीक्षेच्या दिवसांत येऊ नका, लॅबला कुलूप असतं.