गाडी भरण्याआधी

३० सप्टेंबर, डिचोली

आज मराठवाड्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेक जण दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद यांखाली सापडले. आपल्याकडे गोव्यात चिऱ्याच्या भिंतींवर हलकी कौलं, म्हणून त्या वजनाचा अंदाज आपल्याला चटकन येत नाही.

अशी बातमी आली की गोव्यात पहिला विचार ट्रकाचाच होतो. देवळाच्या सभामंडपात गाठोडी जमायला लागतात. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघणारी बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत शेजारीच काढतात. आपली गाडी पोचते तेव्हा प्रश्न छप्पर, पाणी आणि संडासाचा असतो. म्हणून आधी तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला विचारावं, मग गाडी भरावी.

उकडे तांदूळ पाठवू नयेत. आपल्या जिवाभावाचे खरे, पण शिजायला वेळ आणि सरपण जास्त लागतं, आणि ज्वारीच्या मुलखात पेजेचं कुणाला कौतुक नसतं. साधे तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट बरं. वीज नसली की गिरण्या बंद, म्हणून ज्वारीचं पीठही द्यावं, पण थोडं. ते लवकर कडवट होतं.

जुन्या कपड्यांबद्दल माझं मत कडक आहे: नकोतच. निवडायला तिथं माणसं नसतात, ढीग पावसात कुजतात. नवे परकर नाडीसकट, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि चादरी द्याव्यात. आकार खोक्यावर लिहावा. एका खोक्यात एकच वस्तू, वजन १५ किलोच्या आत, म्हणजे एकटा माणूस उचलू शकेल. आत प्लॅस्टिकची पिशवी, आणि दोन बाजूंना मराठीत वस्तूचं ठळक नाव. सरमिसळ खोकं उघडून पाहावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा शेवटपर्यंत कोपऱ्यात पडून राहतं.

ताडपत्री पाच माणसांच्या घराला ४ बाय ६ मीटर. कडेला दोरी शिवलेली आणि कडी पक्की हवी. पातळ निळी ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात कडीपाशी फाटते. सोबत नायलॉनची दोरी. ती विसरली जाते, मग ताडपत्री नुसती पांघरून बसावं लागतं.

पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरावं. झाकणाच्या, तोटीच्या बादल्या उत्तम, कारण भांडं बुडवलं की शुद्ध केलेलं पाणी परत बिघडतं. गढूळ पाणी आधी चार पदरी कापडातून गाळायचं, नाहीतर गाळच क्लोरीन खातो. क्लोरीनची गोळी किती लिटरची ते पाकिटावर पाहावं आणि टाकल्यावर अर्धा तास थांबावं. आपल्या दमट हवेत ब्लिचिंग पावडर लवकर मरते. गठ्ठे झालेली आणि वास उडालेली पाठवू नये, आणि धान्याशेजारी तर कधीच रचू नये. बाळांच्या दुधाची पावडर स्वतःहून पाठवू नये: पाणी नि बाटली अस्वच्छ असली की हगवण ठरलेलीच.

रक्तदानालाही सगळ्यांनी एकाच दिवशी धावू नये. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच. नावं नोंदवून पाळीपाळीनं जावं.

वाटप ट्रकावरून फेकून केलं की धडधाकट पोरांना मिळतं, म्हाताऱ्या नि विधवा मागे राहतात. आदल्या संध्याकाळी घरटी चिठ्ठी द्यावी, सकाळी चिठ्ठी घेऊन वस्तू. देताना फोटो नको, आणि "घरातले किती गेले?" हेही विचारू नये, सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो.

जमलेल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा डिसेंबरपर्यंत हात न लावता ठेवावा. तोवर इतरांच्या गाड्या थांबलेल्या असतात, मराठवाड्यात थंडी पडलेली असते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये रात्री गारठा पडतो. तेव्हा घोंगड्या, पोरांच्या वह्या आणि शिवणयंत्र लागतं. ते तिथल्याच बाजारातून घ्यावं, म्हणजे तिथल्या दुकानदाराचंही दुकान परत उघडतं.