तुम्ही विचारलंत म्हणून: उडतं विमान मोडीत का काढायचं?

सांगलीत आले की मार्केट यार्डात माझी एक चक्कर होतेच. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, ट्रक याच यार्डातून हळदीची पोती भरून निघायचा. त्यांच्या बरोबरीचे एक अडत व्यापारी अजून रोज पेढीवर बसतात. मी त्यांना काका म्हणते. चहा सांगून झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "विमान चांगलं उडतंय न्हवं? मग मोडीत कशाला काढता गं?"

बावीस वर्षं मी आखातातल्या एका मालवाहू विमान कंपनीत ताफ्याच्या नियोजनाचं काम करते. कोणतं विमान घ्यायचं, किती वर्षं ठेवायचं, कधी सोडायचं, हे ठरवणारा आमचा छोटा विभाग. त्यामुळे हा प्रश्न काकांनीच नाही, शेजाऱ्यांनी, भाच्यांनी, मिरज स्टेशनवरून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्यानंही विचारलाय. २०२५च्या नोव्हेंबरात मात्र तोच प्रश्न उलटा होऊन आला. अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएस या पार्सल कंपनीचं एमडी-११ हे मालवाहू विमान उड्डाण करतानाच कोसळलं. डावं इंजिन त्याच्या आधारासकट पंखापासून सुटलं होतं. तिघंही वैमानिक गेले, जमिनीवरची माणसं गेली. विमान चौतीस वर्षांचं होतं. त्या आठवड्यात फोन आले ते असे: "इतकी जुनी विमानं उडवताच कशाला?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशेबात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विमानाचं वय वर्षांत सांगितलं तर त्यातून फार थोडं कळतं. आम्ही आधी बघतो फेऱ्या. एकदा उडालं आणि उतरलं की एक फेरी. वर गेल्यावर विमानाच्या आत हवेचा दाब ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत विमानाचं शरीर फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरल्यावर पुन्हा बसतं. पत्रा असा हजारो वेळा ताणला गेला की रिबेटांच्या भोकांपाशी बारीक भेगा धरतात. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचं पुढचं छत उडतानाच उखडून गेलं. ते विमान होतं एकोणीस वर्षांचं, पण बेटाबेटांमधल्या आखूड उड्डाणांनी त्याच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या, तीही खाऱ्या हवेत. म्हणजे लांब पल्ल्यावर निवांत गेलेलं तीस वर्षांचं विमान शरीरानं त्याच्यापेक्षा तरुण असू शकतं. अण्णांनाही ट्रकचं मॉडेल कोणत्या सालचं यापेक्षा तो घाटात किती चालला याचीच जास्त चौकशी असे.

आता मालवाहू विमानं जुनी का असतात ते. बहुतेक वेळा ती मुळात प्रवासी विमानं असतात. पंधरा-वीस वर्षं माणसं वाहून झाली की प्रवासी कंपनी ती विकते. मग अंगात मोठा दरवाजा कापायचा, खालची जमीन मजबूत करायची, खिडक्या बुजवायच्या, आणि विमानाचा दुसरा संसार सुरू होतो. आमच्याकडची बोइंग ७५७ विमानं अशीच आली. ७५७चं उत्पादन २००४ सालीच थांबलं, म्हणजे आज उडणारं प्रत्येक ७५७ वीस वर्षांच्या पुढचं आहे.

हे परवडतं कसं? पार्सल वाहणारं विमान रात्री दोन-तीन फेऱ्या करतं आणि दिवसभर उभं असतं. प्रवासी विमान रोज दहा-बारा तास हवेत असतं. जो रोज मुंबई करतो त्याला नवा, जास्त अॅव्हरेज देणारा ट्रक हवा. कर्जाचा हप्ता तो डिझेलमधून भरून काढतो. हंगामापुरता तासगाव-सांगली बेदाणा वाहणाऱ्याला जुना, हप्ता फिटलेला ट्रकच बरा. थोडं उडणाऱ्याला इंधन जास्त खाणारं पण स्वस्तात मिळालेलं विमान चालतं. पण तेच विमान उद्या लांबच्या मार्गावर रोज दहा तास लावायचं म्हटलं की सगळा हिशेब फिरतो. म्हणून कोणत्याही विमानाबद्दल "जुनं झालं का?" असं मी विचारत नाही. कोणत्या कामाला जुनं, हे आधी कळायला हवं.

आणि मग येतं ते मोठं बिल. काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

ठरावीक वर्षांनी विमान पूर्ण उघडावं लागतं. आतलं अस्तर, जमीन, पॅनेलं सगळं काढून सांगाड्याचा इंच न इंच तपासतात, गंज काढतात, पत्रे बदलतात. काही आठवडे, कधी काही महिने विमान हँगरमध्ये अडकून पडतं. इंजिनाचं वेगळंच. त्याच्या आतल्या फिरत्या चकत्यांना फेऱ्यांची मर्यादा ठरवून दिलेली असते. ती संपली की चकती दिसायला कितीही चांगली असो, बदलायचीच. जुन्या विमानात एका इंजिनाची दुरुस्ती उरलेल्या अख्ख्या विमानाच्या किमतीपेक्षा महाग पडते, असे प्रसंग मी कितीतरी पाहिलेत.

त्यामुळे विमान मोडीत काढायचा दिवस आम्ही "आता उडत नाही" म्हणून ठरवत नाही. तो बहुधा पुढच्या मोठ्या तपासणीच्या आदल्या दिवशी येतो. काल रात्री ते नेहमीसारखं उडालेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, धडधाकट जनावर कसायाला दिलं. पण उद्याचं बिल भरायचं तर पुढे आठ-दहा वर्षं त्याला काम हवं, सुटे भाग मिळायला हवेत, ते चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं हवीत. यातलं एक जरी नसेल तरी ते पैसे बुडाले.

माणसांचा मुद्दा किती जड असतो ते फेडएक्स या अमेरिकन पार्सल कंपनीच्या जुन्या डीसी-१० विमानांवरून कळतं. त्या विमानाला दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर असे तिघं लागत. फेडएक्सनं कॉकपिट बदलून तेच विमान दोघांवर आणलं, त्याला एमडी-१० नाव पडलं, आणि अशी विमानं २०२२च्या अखेरपर्यंत उडाली. विमान तेच, शरीर तेच. एका माणसाच्या पगाराचा आणि प्रशिक्षणाचा खर्च गेला आणि आयुष्य कितीतरी वाढलं. याच्या उलट, चार इंजिनांचं ७४७ आज दोन इंजिनांच्या ७७७ पुढे इंधनात हरतं, तरी त्याचं नाक वर उघडतं आणि लांबलचक यंत्रं समोरून आत सरकवता येतात, म्हणून त्याला अजून काम आहे. शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ॲटलास एअरला दिलं गेलं. नवं आता मिळणार नाही, हे कळल्यावर ज्यांच्याकडे ती आहेत ते जपून वापरतात.

आता उलटा प्रश्न. लुईव्हिलच्या विमानाच्या चौकशीच्या प्राथमिक अहवालात इंजिनाच्या आधाराला पंखाशी जोडणाऱ्या भागात धातूच्या थकव्याच्या भेगा आढळल्याचं आलं. विमानाच्या फेऱ्या सुमारे २१,००० झाल्या होत्या. त्या भागाची विशेष तपासणी त्याहून हजारो फेऱ्या पुढे ठरलेली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं सगळं काम त्या आकड्यांवर उभं आहे. अमुक फेऱ्यांपर्यंत हा भाग सुरक्षित, असं लिहिलेलं असतं आणि मी त्यावरून पुढच्या दहा वर्षांचा तक्ता मांडते. तपासणी चुकवली असती तर दोष दाखवता आला असता. इथे तपासणीची वेळच आली नव्हती. म्हणून "नीट देखभाल केली की वय बघायचं कारण नाही" हे वाक्य मी आता उच्चारत नाही, पूर्वी उच्चारत असे. देखभाल जिथे बघायची सांगितलंय तिथेच बघते.

अपघातानंतर यूपीएस आणि फेडएक्स दोघांनीही आपली एमडी-११ विमानं जमिनीवर उतरवली, तीही नाताळच्या ऐन घाईत. एकाच जातीची बरीच विमानं ठेवली की वैमानिक, सुटे भाग, प्रशिक्षण सगळं स्वस्त पडतं. पण त्या जातीत खोट निघाली की सगळीच एका दिवशी थांबतात. आमच्या बैठकीत हा मुद्दा आधीही निघायचा आणि खर्चाच्या तक्त्याखाली दबून जायचा. आता तो आम्ही पहिल्या पानावर घेतलाय.

तीन वर्षांपूर्वी आमचं एक ७५७ शेवटच्या उड्डाणाला निघालं तेव्हा मी मागून स्पेनमधल्या तेरुएलला गेले होते. तिथली हवा कोरडी, गंज कमी, म्हणून जगभरातली विमानं उभी करायला तिथे आणतात. ती हवा आपल्या दुष्काळी जत तालुक्याची आठवण करून देणारी होती. पहिल्यांदा इंजिनं उतरवली. एकाच्या पोटात बऱ्याच फेऱ्या शिल्लक होत्या. ते लगेच दुसऱ्या विमानाला गेलं, तेवढ्या फेऱ्या वापरून संपवायला. मग चाकांचे पाय, संगणक, दारं. पण सगळ्यात जपून उतरवलं काय, तर कागदांची खोकी. चकती तयार झाली त्या दिवसापासून ती कुठल्या इंजिनात किती फेऱ्या फिरली याचा सलग कागद नसेल, तर चकाकणारी चकतीसुद्धा भंगारच. आरसी बुक हरवलेला ट्रक कोण घेणार? त्या विमानाचे कागद मी बारा वर्षं सांभाळले होते. ते माझ्या हातून सोपवताना मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. वेळेत मोडीत काढलं म्हणून त्याच्या निम्म्याहून जास्त भागांना काम मिळालं.

निर्णय लांबवला तर काय होतं ते कोलकात्याला दिसलं. एअर इंडियाचं एक ७३७, टपाल वाहून २०१२ साली निवृत्त झालेलं, विमानतळाच्या कोपऱ्यात तेरा वर्षं उभं होतं. ते आपलंच आहे हेही कंपनीच्या स्मरणातून गेलं होतं. २०२५ मध्ये ते हलवलं.

परवा हे सगळं काकांना सांगितलं. ते ऐकत राहिले, मग गल्ल्याखालून एक वही काढली. त्यांच्या टेम्पोची होती. इंजिनचं काम मागच्याच वर्षी झालेलं, हौदा मात्र खालून कुजलेला, आणि दिवाळीनंतर पासिंग. वेल्डरनं सांगितलेला आकडा त्यांनी मला दाखवला. आम्ही दोघांनी कागद घेतला, हळदीचा हंगाम संपेपर्यंतची भाडी एका बाजूला मांडली, पासिंगचा खर्च दुसऱ्या बाजूला. बेरीज झाल्यावर काकांनी मिरजेच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. इंजिन चांगलं आहे, म्हणाले, दिवाळीच्या आधी येऊन बघून जा.