गेमिंग पीसी आणि कोटेशनवरचं "५०० वॅट एसएमपीएस" : माझा अनुभव

आधी मुद्द्याचं लिहितो, कारण अजून डोक्यातून जात नाहीये. दुकानदाराच्या कोटेशनवर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर नसेल तर एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका. कितीही ओळखीचा असू दे.

मी कणकवलीजवळ राहतो. आंब्याच्या सीझनला पॅकिंगचं काम करून साठवलेले पैसे आणि वर थोडे बाबांनी घातलेले, असं मॉनिटर सोडून ५० हजारांच्या आसपास बजेट होतं. १०८०पी (फुल एचडी) वर गेम नीट चालले पाहिजेत एवढीच अपेक्षा. बाबा म्हणाले इथूनच घे, काही बिघडलं तर मुंबईला कोण धावणार, आणि ते पटलं म्हणून बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात गेलो. कागद हातात आला त्यावर लिहिलेलं: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), गेमिंग कॅबिनेट. खाली टोटल. संपलं.

आता यात काय काय लपतं बघा. आय५ हे नाव २००९ पासून चालू आहे. २०११-१२ चे आय५ आजही एच६१ या त्याच काळातल्या चिपसेटच्या कोऱ्या मदरबोर्डावर बसवून, कॅबिनेटला चार रंगीत पंखे लावून गेमिंग पीसी म्हणून खपवतात. ४ जीबी ग्राफिक कार्ड म्हणजे जीटी ७३० सुद्धा असू शकतं, ते २०१४ चं कार्ड, त्यावर डीडीआर३ मेमरी, आजचे गेम त्याला झेपत नाहीत, मग मेमरी ४ जीबी असो नाहीतर ८.

मी म्हटलं काका, मॉडेल लिहून द्या. तर म्हणे उद्या देतो. उद्या गेलो तर मालक नाहीत. फोन केला तर "डिस्ट्रिब्युटरकडून माल येईल तसा लावू ना, तू कशाला टेन्शन घेतोस". व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की निळ्या टिका येतात, उत्तर नाही. असं करत करत मिरगाचा पाऊस सुरू झाला तरी माझ्याकडे तोच कागद. प्रोसेसर आणि बोर्डाचं नाव एकदाचं पेनाने लिहून मिळालं, पण एसएमपीएसचं विचारलं की गाडी तिथेच अडायची. "सगळे ह्योच नेतत, काय होवचा नाय." हे वाक्य मला पाठ झालंय.

शेवटी बाबांना घेऊन गेलो आणि म्हटलं तो एसएमपीएस बाहेर काढून दाखवा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ५००. बाजूच्या लेबलवर बारीक तक्ता असतो तो बघितला, १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर, आणि प्रोसेसर, ग्राफिक कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. मला जे आरएक्स ६६०० कार्ड घ्यायचं होतं ते एकटंच १३२ वॅट खातं, मनात असलेला रायझन ५ ५६०० प्रोसेसर लोडवर ७५ च्या आसपास जातो, म्हणजे पंखे आणि बोर्ड धरायच्या आधीच हिशोब संपला. चांगल्या कंपनीच्या ५०० वॅटमध्ये १२ व्होल्टवर ३८-४० अँपिअर असतात. आणि त्या एसएमपीएसला ग्राफिक कार्डची ८ पिनची वायरच नव्हती, म्हणे मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या वायरचा) कन्व्हर्टर लावून देतो. असल्या कन्व्हर्टरने वायर वितळतात, हे कधीच करू नका.

मी तो गुणाकार त्यांच्याच कोटेशनच्या मागे करून बाबांपुढे ठेवला. बाबांना कॉम्प्युटरचं कळत नाही पण बागेतल्या पंपामुळे अँपिअर चांगला कळतो. त्यांनी लेबल दोनदा वाचलं, बॉक्स काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "चल, हयसून घेवचा नाय." मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं की काय सांगू.

पुढचं सगळं पटकन झालं. मावसभाऊ मुंबईत ग्रँट रोडला कामाला आहे, त्याला मॉडेल नंबरसकट यादी पाठवली, लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून संध्याकाळपर्यंत सगळी नावं आणि रेट लिहिलेलं कोटेशन आलं. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ८-८ च्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६६०० आणि ५५० वॅट ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) एसएमपीएस. भाव मी लिहीत नाही, रॅमचे तर फार हलतात, त्या दिवशीचा रेट विचारा. सामान मांडवी एक्सप्रेसने आलं, जोडलं मी घरीच.

बी४५० घेताना एक बघा, तो चिपसेट २०१८ चा आणि ५६०० आला २०२२ ला, त्यामुळे जुन्या स्टॉकच्या बोर्डाला बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट लागतो. बॉक्सवर रायझन ५००० रेडीचा स्टिकर असेल तरच घ्या नाहीतर दुकानातच अपडेट करून मागा. आणि स्वस्त पडतं म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका, ते बोर्डाशी फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं आणि बी४५० वर त्या वाटा जुन्या, हळू पीसीआयई ३ च्या असल्यामुळे अजून मार खातं. रॅम एकच १६ ची घेऊ नका, दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही एकदम चालतात, आणि फरक दिसतो.

आपल्याकडे कोकणात अजून एक गोष्ट, अर्थिंग. घर कातळावर असेल तर हमखास गडबड असते, जांभ्यात खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात सुकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मीठ-कोळसा घालून खड्डा नीट करा, उन्हाळ्यात पाणी ओता. आमच्याकडे हे केल्यावरच पीसी चालू केला. पावसात लाइट सारखी येते-जाते म्हणून यूपीएस पण घ्या, ६०० व्हीए वाला साधारण ३६० वॅटचा असतो, गेम चालू असताना तो काठावर येतो, १ केव्हीए घेतलेला बरा.

हां, बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बॉक्स पॅक प्रोसेसरला ३ वर्षं वॉरंटी असते, तीच चीज ट्रेमध्ये सुटी घेतली तर दुकानदार देईल तेवढीच. ग्राफिक कार्डचा बॉक्स आणि आतला फोम माळ्यावर जपून ठेवा, वॉरंटीला कुरियरने पाठवायची वेळ आली तर त्यातूनच पाठवावं लागेल.