लापाची लेक

२९ एप्रिल

आज इटलीतल्या सिएनाच्या संत कॅथरीनचा सण. (जुन्या गोव्यातलं सें कॅथेड्रल जिच्या नावाचं, ती अलेक्झांड्रियाची, ही तिच्यानंतर हजारएक वर्षांनी झाली.) हिचा विषय निघाला की सगळे थेट आविन्योंला पोचतात, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या त्या शहरात, जिथे तेव्हा पोप रोम सोडून राहत होते. १३७६ मध्ये तिथे जाऊन तिने पोप अकराव्या ग्रेगरीच्या मागे रोमला परतायचा धोशा लावला आणि पुढच्या जानेवारीत पोप रोममध्ये हजर. मोठीच गोष्ट. पण मी दरवेळी अडकते ती तिच्या आईपाशी.

लापा. कापड रंगवणाऱ्याची बायको, पंचवीसेक बाळंतपणं झालेली. १३४७ मध्ये जुळ्या मुली झाल्या. एक दाईकडे दिली, ती गेली. कॅथरीनला मात्र लापाने स्वतःच्या अंगावर पाजलं. हीच लाडकी लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर केस कापून मोकळी झाली! घरच्यांनी चिडून तिची खोली काढून घेतली, सगळं घरकाम तिच्या गळ्यात घातलं. पोर बधली नाही. पुढे तर तिने खाणंही जवळजवळ टाकलं. तिचा चरित्रकार रेमंड त्यात ईश्वरी कृपा बघतो. मला ते वाचवत नाही. त्या घरात रोज कोणीतरी रांधत होतंच ना?

आविन्योंहून परतताना लेक जेनोआत रखडली, तेव्हा लापाने काहूर माजवलं असावं. कारण कॅथरीनने तिला लिहिलेलं पत्र आहे, त्यात माया आहे आणि चांगला टोमणाही: भाऊ पैसा कमवायला घर सोडून गेले तेव्हा तुला जड गेलं नाही, आणि मी देवाच्या कामाला आले तर एवढी तगमग? पोपला सुनावणारी बाई आईला तरी का सोडेल!

१३८० मध्ये आजच्याच तारखेला कॅथरीन रोममध्ये वारली, तेहतिसाव्या वर्षी. १४६१ मध्ये संतपद, १९७० मध्ये चर्चचं आचार्यपद. धड रोमला, शिर सिएनाच्या सान दोमेनिको चर्चमध्ये.

लापा तिच्यामागे उरली. रेमंडला लेकीच्या लहानपणच्या कितीतरी हकिकती तिनेच सांगितल्या. मुलं गेली, नातवंडं गेली, हिला काही मरण येईना. म्हणायची, देवाने माझा जीव अंगात आडवा घातलाय की काय, बाहेरच निघत नाही!