तुम्ही विचारलंत म्हणून: १५००ची गोळी अंगाला लागते किती?

"ताई, रोज १५००ची गोळी घेतो, पण लघवी पिवळीधमक होते. म्हणजे सगळं वाहूनच जातं ना?" नारायण पेठेतल्या आमच्या मेडिकलमध्ये आठवड्यातून दोनतीनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक साठी ओलांडलेले, पायाला मुंग्या येणारे, हातात नसांच्या गोळीचं पाकीट, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व असलेली गोळी. संध्याकाळच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पिवळा रंग बी-ट्वेल्व्हचा नाहीच. तो बी-टू म्हणजे रायबोफ्लेविनचा, सोबतच्या बी-कॉम्प्लेक्समधून आलेला. बी-ट्वेल्व्ह लाल असतं, कारण त्यात कोबाल्ट असतो. सिरिंजमध्ये भरलेलं इंजेक्शन उजेडात धरलं तर डाळिंबाच्या रसासारखं दिसतं.

आता १५०० मायक्रोग्रॅमचं काय होतं? जठरात इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिन पाझरतं. ते बी-ट्वेल्व्हला धरून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे ते आत घेतलं जातं. पण एका वेळी या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात. खडकवासल्यातून कितीही पाणी सोडलं तरी आपल्या नळाला तोटीएवढीच धार येते, तसं. बाकीच्यातलं साधारण एक टक्का आतड्याच्या अस्तरातून आपोआप झिरपतं. म्हणजे १५०० मधले पंधरा-सतरा मायक्रोग्रॅम अंगाला लागतात. उरलेलं शौचावाटे जातं, लघवीवाटे नाही.

वाया गेलं असं वाटेल, पण आकडा मोठा ठेवण्याचं कारणच ते झिरपणं आहे. शरीराला दिवसाला लागतात दोन-अडीच मायक्रोग्रॅम. वयामुळे जठरातलं आम्ल कमी झालेलं असो, इंट्रिन्सिक फॅक्टर बनतच नसो, किंवा मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे शोषण मंदावलेलं असो, त्या एका टक्क्यावर बहुतेकांची गरज भागते. जास्तीचं बी-ट्वेल्व्ह यकृत साठवून ठेवतं, काही वर्षं पुरेल इतकं. त्यामुळे कमतरता उशिरा कळते, तोवर नसांवरचं मायलिनचं आवरण झिजायला लागलेलं असतं.

आणि ही कमतरता आपल्या गावात चांगलीच आहे. इथल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती, त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शाकाहारी घरात बी-ट्वेल्व्ह येतं ते दूध-दह्यातूनच. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली ही गोळी 'फुकट जाते' म्हणून सोडू नका.

मला खरी काळजी वाटते ती त्याच गोळीतल्या बी-सिक्सची, पायरिडॉक्सिनची. त्याला अशी अडवणूक नाही. मोठा डोससुद्धा आतड्यातून सहज आत जातो. यकृत त्यातलं लागेल तेवढं कामाच्या रूपात बदलतं, बरंचसं लघवीवाटे बाहेर टाकतं. पण महिनोन्‌महिने भडिमार झाला, तर मणक्याशेजारच्या संवेदनेच्या पेशींना इजा होते. १९८३ साली अमेरिकेत अशा सात रुग्णांची नोंद झाली, ते दिवसाला दोन ते सहा ग्रॅम घेत होते. पुढे त्याहून पुष्कळ कमी डोसवरही त्रास दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. गरज असते दोनेक मिलिग्रॅमची.

हे मी घरात पाहिलंय. सासूबाईंना मधुमेह, पायाला मुंग्या. एका डॉक्टरांनी नसांची गोळी दिली, गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुसरी, आणि ताकदीची म्हणून त्या तिसरी घेत होत्या. वर्षभराने मुंग्या हातात आल्या. भाजी निवडताना देठ बोटांना कळेना. त्या म्हणाल्या, "अगं, डोस वाढवायला सांग ना." त्या रात्री मी तिन्ही पाकिटं टेबलावर उलटी मांडली आणि कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बेरीज केली. बी-सिक्स एकात १००, एकात ५०, एकात ३. रोजचे १५३ मिलिग्रॅम! वरची नावं तीन वेगळी, म्हणून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांतली दोन पाकिटं मीच दुकानातून आणून दिली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांनी तिन्ही बंद करून नुसतं बी-ट्वेल्व्ह ठेवलं. चार-पाच महिन्यांनी हातातल्या मुंग्या गेल्या. पायातल्या कमी झाल्या, पण आहेत.

तेव्हा काउंटरवर याल तेव्हा एकच पाकीट आणू नका. घरात चालू असलेली सगळी आणा, टॉनिकचीसुद्धा, रिकामी असली तरी चालतील. मनाने काही बंद करू नका. मागची बारीक अक्षरं मी वाचते, बेरीज कागदावर लिहून देते, तो कागद डॉक्टरांना दाखवा. दुपारी चारच्या सुमाराला या, तेव्हा गर्दी नसते.