सव्वादोन, साडेतीन, पावणेपाच

परळच्या ज्या नेत्रचिकित्सालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, म्हणून काम करते, तिथे नालासोपाऱ्याहून आलेली पाच वर्षांची एक मुलगी अजून माझ्या मनातून जात नाही. जवळचे पाहताना तिचा उजवा डोळा नाकाकडे वळत असे. आधी दुसरीकडे बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून सव्वादोन प्लस नंबर काढला होता, आणि तो चष्मा लावूनही डोळा वळतच होता.

ट्रॉपिकामाइडने अर्ध्या तासात बाहुली मोठी होते आणि मूल संध्याकाळपर्यंत पूर्ववत होते, म्हणून गर्दीच्या ओपीडीत ते सर्वांना सोयीचे वाटते. परंतु प्लस नंबरचे मूल डोळ्यातील भिंग फुगवणाऱ्या स्नायूच्या जोरावर आपला नंबर झाकते, आणि त्याच जोरापायी डोळा आत वळू शकतो. तो स्नायू सैलावला नसेल, तर मोठ्या बाहुलीवर विसंबणे ही मला अक्षम्य घाई वाटते.

मी तो स्नायू अधिक सैलावणारे 1 टक्का सायक्लोपेंटोलेट दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घातले, औषध रक्तात कमी उतरावे म्हणून नाकालगतचा कोपरा दाबून धरला आणि पाऊण तासाने रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकून नंबर काढायचे उपकरण, हाती घेतला. 66 सेंटीमीटरवरून पाहिल्यामुळे त्या अंतराचा दीड नंबर वजा करून साडेतीन आले. तरीही बाहुलीतली प्रकाशाची पट्टी मधूनच चाल बदलत होती, म्हणजे स्नायू अजून पुरता सैलावला नव्हता. ही चलबिचल आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्राच्या छापील चिठ्ठीत उमटत नाही, ती तपासणाऱ्याच्या नजरेलाच टिपावी लागते. गडद तपकिरी डोळ्यांत रंगद्रव्य औषध धरून ठेवते आणि अंमल उशिरा चढतो, हे ठाऊक असूनही साडेतीनवर थांबण्याचा मोह मला झाला, कारण त्याहून जोरदार औषध ॲट्रोपिन म्हणजे तीन दिवस घरी मलम, पुन्हा एक फेरी आणि पुढे आठ-दहा दिवस जवळचे धूसर. मुलीची आई घरकाम करते आणि तिचा प्रत्येक खाडा पगारातून कापला जातो.

डॉक्टरांशी बोलून अखेर 1 टक्का ॲट्रोपिनचे मलम दिले. तांदळाच्या दाण्याएवढेच घालायचे, चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर लगेच थांबवून फोन करायचा, ट्यूब मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, हे सारे मी आईकडून दोनदा वदवून घेतले. चौथ्या दिवशी पट्टी स्थिर होती आणि नंबर पावणेपाच आला.

पूर्ण नंबरच्या चष्म्यातून दीड महिन्याने तिचे डोळे सरळ दिसले. मलम आधी का दिले नाही, असे आईने विचारले, तेव्हा मी तिच्या बुडणाऱ्या दिवसांचा उल्लेख केला. ती म्हणाली, “मॅडम, त्या पहिल्या चष्म्यापायी चार खाडे आधीच झाले होते.”