घरचा सीआय सर्व्हर, टप्पा ३: एकदाची हिरवी खूण

मागच्या नोंदीत जेन्किन्स (जावावर चालणारा सीआय सर्व्हर, म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बिल्ड करून तपासणारं सॉफ्टवेअर) काढतोय म्हणालो होतो. काढला. त्याच्याशी भांडण नाही, पण माझ्या ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर जावा एकटीच ऐसपैस बसते आणि माझं काम एवढंसं: दिंडोरीत मामांच्या द्राक्षबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) प्रत्येक पुशनंतर, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर पाठवल्यावर, आपोआप बिल्ड (चढवण्याजोगं तयार) व्हावं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मी घाईत न तपासलेलं फर्मवेअर चढवलं आणि दोन नंबरचा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला. मामी अजून ऐकवतात.

आता गिटी (कोड ठेवायचा घरचा गिट सर्व्हर), वुडपेकर या सीआयचा सर्व्हर आणि त्याचा एजंट (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारा), तिन्ही डॉकर कंपोजमध्ये, म्हणजे एकाच फाइलमधून उभ्या होणाऱ्या वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (बंदिस्त डब्यांत). डेटाबेस एसक्यूलाइट. वुडपेकर म्हणजे ड्रोन या आधीच्या सीआयच्या कोडमधून फुटलेली शाखा (फोर्क). एजंट सर्व्हरशी ९००० पोर्टवर बोलतो, दोघांना एकच सीक्रेट द्यायचं. अर्ध्या तासात उभं राहिलं.

मग पुश केलं, तर ढिम्म. गिटीच्या वेबहूकपाशी (पुश झाल्याचा वुडपेकरला जाणारा निरोप) लाल खूण. मूळ सेटिंगमध्ये गिटी वेबहूक फक्त बाहेरच्या पत्त्यांवर पाठवतो, १९२.१६८ वाल्या घरच्या पत्त्यावर नाही. कारण रास्त आहे, नाहीतर रेपो (कोडचं कोठार) असलेला कोणीही वेबहूकच्या आडून आतल्या मशीन चाचपत बसेल. कॉन्फिगमध्ये वेबहूकच्या अलाउड होस्ट लिस्टला ‘प्रायव्हेट’ दिलं आणि पाइपलाइन (बिल्डच्या पायऱ्यांची साखळी) सुरू झाली.

सुरू झाली आणि क्लोनलाच, म्हणजे गिटीवरून कोड उतरवण्याच्या पहिल्या पायरीलाच, आपटली. वुडपेकरला मी लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता, पण गिटीचं रूट यूआरएल (गिटी स्वतःचा म्हणून सांगतो तो पत्ता) लोकलहोस्टच राहून गेलं होतं. क्लोनचा पत्ता तिथूनच येतो आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. बिचारा स्वतःचंच दार वाजवत होता. या एका ओळीपायी माझा अख्खा शनिवार गेला, मिसळीचा बेतही हुकला.

तिथेही आयपी टाकला, बिल्ड हिरवं झालं, आणि गुरुवारी संध्याकाळी इंदिरानगरात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला (झाकण मिटलं तरी झोपू नये ही सोय आधीच केलेली), राउटर मात्र बंद पडला. वीज आल्यावर त्याने लॅपटॉपला नवाच आयपी दिला. क्लोन बंद, वेबहूक बंद, लॉगिनही बंद. आता राउटरमध्ये आयपी राखून ठेवलाय, गिटीच्या ओऑथमधला (गिटीच्या खात्याने वुडपेकरमध्ये लॉगिन करायची सोय) रीडायरेक्ट पत्ता त्याच्याशी तंतोतंत जुळवलाय आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतलाय. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, माहीत आहे.

प्लॅटफॉर्मआयओ (फर्मवेअर बिल्ड करणारं साधन) दर बिल्डला अख्खी टूलचेन (कंपायलर वगैरे) नव्याने उतरवत होता. ती साठून राहावी म्हणून लॅपटॉपवरचा फोल्डर कंटेनरला व्हॉल्यूम म्हणून जोडायला गेलो तर वुडपेकर अडला: रेपो ‘ट्रस्टेड’ हवा, आणि ती खूण फक्त ॲडमिनलाच करता येते. ॲडमिनच्या व्हेरिएबलमध्ये माझं गिटीचं नाव घातलं, खूण केली. ११ मिनिटांचं बिल्ड दोनवर आलं.

बागेत फर्मवेअर चढवण्याची पायरी अजून हातानेच करतोय. पाइपलाइनमध्ये ती लिहून ठेवलीय, पण कॉमेंट करून, म्हणजे चालणार नाही अशी. गोडी छाटणी होऊन घड धरलेत, आणि मामांनी बजावलंय: माल निघेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.